गंजलेली स्टँडर्ड हेराल्ड घरच्या अंगणात पुन्हा उभी करताना

जुन्या गाडीच्या दुरुस्तीला बसणारा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी ग्राइंडर हातात घेतो आणि पुढची सगळी चूक तिथे सुरू होते. पत्रा जिथे सडला आहे तिथे पाणी येऊन थांबलेले असते. ते कुठून आत शिरले आणि बाहेर का पडू शकले नाही, हे कळल्याशिवाय लावलेला नवा पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत जुन्याच्या वाटेने जातो. या लेखात कामाचा जो क्रम दिला आहे तो याच एका विचारावर उभा आहे. बडोद्यातील आमच्या नातेवाइकांच्या बंगल्यात वर्षानुवर्षे उभी असलेली आणि २०१९ च्या अतिवृष्टीत दारांच्या निम्म्यापर्यंत पाण्यात बुडालेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड पुन्हा रस्त्यावर आणताना हा क्रम आम्ही काही अंशी चुकून आणि काही अंशी विचारून शिकलो.

हेराल्ड ही काटेकोर अर्थाने स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण तिचे रक्त त्याच घराण्याचे आहे. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेली ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली आणि १९६१ पासून ती मद्रासमध्ये स्टँडर्ड या नावाने तयार होऊ लागली. ट्रायम्फची स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार १९६२ साली आली, ती हेराल्डचीच चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून. त्यामुळे पुढे दिलेले बहुतेक सारे स्पिटफायरलाही लागू पडते. एक महत्त्वाचा फरक मात्र ध्यानात ठेवावा. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी लांब कडेच्या पट्ट्या आहेत आणि दाराखालचा उंबरठा, म्हणजे सिल, मुख्यतः झाकणासारखा आहे. स्पिटफायरमध्ये त्या पट्ट्या नाहीत आणि सिल हाच बॉडीच्या ताकदीचा भाग आहे. म्हणून स्पिटफायरचा सिल कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करणे अनिवार्य ठरते.

घरी काम करणाऱ्याला हेराल्डसारखी सोयीची गाडी क्वचितच मिळेल. तिची चासी वेगळी आहे, बॉडीचे भाग एकमेकांना बोल्टने जोडलेले आहेत, दोन दारांच्या गाडीचे छतही बोल्ट काढून उचलता येते आणि बोनेट मडगार्डसकट पुढे कलंडत असल्याने इंजिनाभोवती चहूबाजूंनी उभे राहून काम करता येते. पण या रचनेची दुसरी बाजू अशी की जितके जोड, तितक्या पाणी धरणाऱ्या फटी.

जागा, ऋतू आणि कागदपत्रे

गाडीच्या चारही बाजूंना निदान तीन फूट मोकळी जागा, सपाट पक्की फरशी आणि वर छप्पर, एवढे असल्याशिवाय गाडी खोलू नये. बडोद्याच्या हवामानात कामाची वाटणी ऋतूनुसार करणे फार हिताचे ठरते. जून ते सप्टेंबर या काळात दमट हवेमुळे नुकत्याच साफ केलेल्या पत्र्यावर काही तासांत तांबूस थर चढतो, म्हणून पावसाळ्यात इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि आसने अशी आतली कामे घ्यावीत. पत्रा उघडा पाडणे, वेल्डिंग आणि रंग यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ राखून ठेवावा. त्यातही दिवाळीचे चार दिवस रंगाला हात लावू नये, कारण फटाक्यांच्या धुराची काजळी ओल्या रंगावर बसते आणि ती नंतर घासूनही नीट निघत नाही.

खर्च करण्यापूर्वी आरसी बुक हातात घेऊन चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष जुळतात का, हे पाहावे आणि दोन्हींचे स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि नंतर तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. हे नूतनीकरण अनेक घरांत राहून गेलेले असते, म्हणून आरटीओची पहिली फेरी गाडी खोलण्यापूर्वीच मारावी. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणीचे नियम आणले. अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठरवले गेले आणि गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. म्हणून दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा सोपा सल्ला कुणी दिला, तर तो स्वीकारण्यापूर्वी या अटीचा विचार करावा.

गंजाची पाहणी

पाहणीसाठी एक लहान लोहचुंबक, एक जुना पेचकस, टॉर्च आणि खडू एवढे पुरेसे आहे. चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. तो जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते, आणि जाड लांबी म्हणजे खाली एक तर जुना ठोका आहे किंवा भोक. पेचकसाच्या मुठीने पत्रा वाजवून पाहावा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेल्याचा आवाज बद्द येतो. संशय येईल तिथे पेचकसाचे टोक दाबावे आणि ते आत गेले तर वाईट वाटून घेऊ नये, कारण तो भाग आज ना उद्या कापावाच लागणार होता.

हेराल्डमध्ये प्रथम चासीचे आडवे हात, म्हणजे आउटरिगर, पाहावेत. ते पेटीसारखे पोकळ असतात, चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्यावर साठतो आणि आत ओल धरून राहते. त्यानंतर डिकीखाली मागे जाणारे चासीचे हात, डिकीची तळजमीन, दारांचा तळ, दिव्यांभोवतालचा बोनेटचा भाग, पुढच्या आसनांखालची जमीन आणि बॅटरीची बैठक पाहावी. बॅटरीच्या बैठकीचा गंज वेगळ्या जातीचा असतो. तिथे ॲसिड सांडलेले असते आणि ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने शमवल्याशिवाय कोणताही प्रायमर टिकत नाही.

आता टॉर्च बाजूला ठेवून पाण्याची झारी घ्यावी. एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने पुढची काच, दारांच्या काचा, छताचा जोड आणि डिकीचे झाकण यांवर एकेक करून पाणी सोडावे. आत पाणी कुठे दिसते, ते खडूने आखावे. दारात काचेच्या कडेने पाणी उतरणारच, ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर आले पाहिजे. आमच्या गाडीच्या दोन्ही दारांतील ही भोके मागे कधीतरी एका कारागिराने लांबीने बुजवून वर रंग मारला होता आणि दारांचा तळ सडण्याचे तेवढे एकच कारण होते. पुरात बुडालेल्या गाडीत याच्या जोडीला बारीक गाळ असतो. तो चासीच्या पेट्यांत, सिलमध्ये आणि हेडलाइटच्या मागे जाऊन बसतो आणि दरवर्षी हवेतला ओलावा ओढून पुन्हा ओला होतो. तो काढल्याशिवाय काहीच साधत नाही. चासीतली मूळ भोके मोकळी करून आधी कंप्रेसरने हवा मारावी, मग पाण्याचा जोर द्यावा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करत राहावे.

खोलण्याची शिस्त

गंजलेल्या नटावर जोर करण्याआधी त्याला वेळ द्यावा. बाजारात मिळणारे गंज सोडवणारे तेल किंवा ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून रोज संध्याकाळी थोडे सोडावे. ॲसिटोन पेट घेते, म्हणून ते वाळेपर्यंत जवळपास ठिणगी किंवा ज्योत नको. चार-पाच दिवसांनी बोल्ट आधी किंचित आवळून मग सोडवला तर आटे वाचण्याची शक्यता वाढते. तरीही न सुटल्यास, आसपास पेट्रोल, रबर किंवा कापड नाही याची खात्री करून, नट तापवावा. काढलेला प्रत्येक नटबोल्ट त्याच्या जागेच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि प्रत्येक टप्प्यावर फोटो काढावेत. बॉडी आणि चासी यांच्यामधल्या उंची जुळवणाऱ्या पातळ चकत्या कुठे किती होत्या याची नोंद विशेष जपावी. दारांच्या फटी सारख्या येणे या चकत्यांवर अवलंबून असते आणि ही नोंद हरवली तर पुढे आठवडे जातात.

गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नये. चासीखाली चार भक्कम घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली शिरावे. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तोही कोरडा न घासता पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर वापरावा.

गंज काढण्याच्या रीती

लहान सुट्या भागांसाठी दोन स्वस्त रीती उत्तम आहेत. पहिली सायट्रिक ॲसिडची, म्हणजे किराणा दुकानात लिंबाची फुले म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या खड्यांची. एक लिटर पाण्यात सुमारे पन्नास ग्रॅम विरघळवून ग्रीस काढलेला भाग त्यात बुडवावा, काही तासांनी बाहेर काढून ब्रशने घासावा आणि गंज निघताच थांबावे, कारण पुढे ॲसिड चांगल्या लोखंडालाही खाऊ लागते. दुसरी रीत विजेची. प्लास्टिकच्या पिंपात दर लिटरला सुमारे पाच ग्रॅम धुण्याचा सोडा घालावा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला जोडावा. दोन्ही एकमेकांना शिवणार नाहीत असे टांगून बारा व्होल्टवर रात्रभर ठेवावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावे, जवळ ठिणगी नको आणि टोके काढण्याआधी चार्जर बंद करावा. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट ॲसिडात किंवा या पिंपात टाकू नयेत, कारण हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.

दोन्ही रीतींत भाग बाहेर काढल्यावर धुऊन, गरम हवेने लगेच वाळवून, त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे.

चासी मात्र मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत नेऊन ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोरावर बारीक खड्यांचा मारा, करून घेणे मला योग्य वाटते. तिचा पत्रा जाड असल्याने तो मारा सहन करतो आणि ब्रश न पोहोचणारे कोपरे स्वच्छ होतात. बोनेट, दारे आणि छत यांचे सपाट पत्रे मात्र जोरदार ब्लास्टिंगला देऊ नयेत. माऱ्याने पातळ पत्रा ताणून लाटेसारखा होतो आणि तो पुन्हा सपाट करणे जवळजवळ अशक्य असते. त्यांचा रंग रासायनिक पेस्टने किंवा हाताने उतरवावा, वेळ कितीही लागो.

कापणे आणि जोडणे

सगळ्या कामात सर्वांत जास्त संयम इथे लागतो. घरच्या सिंगल फेज विजेवर चालणारे लहान मिग, म्हणजे आपोआप तार पुरवणारे, वेल्डिंग यंत्र बॉडीच्या पत्र्याला पुरते. तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची घ्यावी. बॉडीसाठी ०.९ ते १ मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्यावा आणि चासीसाठी मूळ भिंतीची जाडी मोजून तेवढाच. जस्त चढवलेला पत्रा गंजत नाही म्हणून तोच वापरावा असे वाटणे साहजिक आहे, पण वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर ताप येतो, म्हणून निदान जोडाच्या कडेचे जस्त आधी घासून काढावे लागते. ज्याने पूर्वी वेल्डिंग केलेले नाही त्याने भंगार पत्र्यावर निदान पंधरा दिवस हात बसवावा आणि चासीचे भार घेणारे जोड अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत.

सडलेला भाग चकचकीत, पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत कापावा, मात्र त्यापलीकडे एक बोटही कापू नये. मूळ पत्र्याची गोलाई हाताने पुन्हा आणणे किती कठीण आहे, हे कळायला एक तुकडा वाया घालवावा लागतो, तो आम्हीही घालवला. आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा आणि मगच पत्रा कापावा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. ठिगळ सडलेल्या भागावर वरून चिकटवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने दोन पत्र्यांमध्ये पाणी धरणारा नवा खिसा तयार होतो आणि ज्या कारणाने गाडी सडली तेच कारण आपण नव्याने बांधून देतो. कडेला कड भिडवून, मध्ये तारेच्या जाडीएवढी फट ठेवून टाके, म्हणजे वेल्डिंगचे सुटे ठिपके, घालावेत. टाके सलग न घालता आधी समोरासमोर, मग मधोमध, असे घालत शेवटी अंतर पंचवीस-तीस मिलिमीटरवर आणावे आणि प्रत्येक टाक्यानंतर हात ठेवता येईल इतका पत्रा आपोआप निवू द्यावा. नंतर उरलेल्या जागा याच शिस्तीने भराव्यात. घाईने सलग ओढलेली रेघ पत्रा वाकवते.

आउटरिगर बदलताना एका वेळी एकच कापावा, तो नवा बसवून पूर्ण जोडल्यावरच दुसऱ्याला हात लावावा. चासीचे दोन्ही कर्ण प्रत्येक वेळी टेपने मोजावेत. बॉडी बसण्याची भोके कागदावर आधी उतरवून घेतलेली असली की नवा हात नेमका कुठे यायचा याबद्दल शंका राहत नाही. नव्या आउटरिगरच्या पेटीला सर्वांत खालच्या बिंदूवर निचऱ्याचे भोक ठेवावे, मूळ रचनेत ते असो वा नसो.

वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी गाडीतून काढून दूर ठेवलेली असावी, बॅटरीची तार सोडलेली असावी आणि अग्निशामक हाताशी असावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन नावाचा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो, म्हणून पुसण्यासाठी ॲसिटोन वापरावे आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच ज्योत पेटवावी.

चालणारे भाग

हेराल्डच्या पुढच्या चाकांचा उभा दांडा खाली ट्रनियन नावाच्या पितळेच्या सांध्यामध्ये आट्यांवर फिरतो. या ट्रनियनला ग्रीस नव्हे, तर ईपी ९० हे गिअरचे तेल द्यायचे असते. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, पाणी शिरते, दांडा आतून गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवे पडते. अनेक गॅरेजांत सगळ्याच निपलांना (तेल-ग्रीस भरायच्या तोंडांना) सवयीने ग्रीस मारले जाते. म्हणून दांडे काढून, आटे स्वच्छ करून, खड्डा किंवा बारीक चीर दिसली तर बदलून टाकावेत. या कामात काटकसर नको.

मागचे चाक हलत्या अर्ध्या ॲक्सलवर आणि आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगवर असते. गाडी घोड्यांवरून उतरवल्यावर मागची चाके आत वळलेली दिसतात, ती गाडी थोडी पुढे-मागे ढकलली की सरळ होतात. ब्रेकचे पाइप, सिलिंडरची रबरे आणि होज सगळेच नवे घालावे, ऑइलही डॉट ४ नवे भरावे.

पेट्रोलबद्दल दोन गोष्टी आहेत. भारतात २००० सालापासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक शिशाच्या आधाराने टिकत असे, म्हणून हेड उघडलेलेच असेल तर कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. दुसरे म्हणजे आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी ओढून टाकी आतून गंजवते. होज, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची रबरे इथेनॉल सोसणारी घालावीत आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

रंग

उघड्या पत्र्यावर प्रथम इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरज असेल तिथेच पातळ लांबी, मग सरफेसर (पृष्ठभाग एकसारखा करणारा थर) आणि शेवटी रंग, असा क्रम ठेवावा. साधी लांबी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या पत्र्यावर लावू नये. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त असताना काम करावे. बडोद्यात डिसेंबरच्या पहाटे ही अट बहुधा पाळली जात नाही, म्हणून सकाळी दहानंतर सुरुवात करावी. हार्डनर मिसळायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असते, त्यापासून साधा मास्क वाचवत नाही. असा रंग हवाई पुरवठ्याचा मुखवटा असलेल्या रंगशाळेतच करून घ्यावा. घरीच रंग मारायचा असेल तर जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग निवडावा, चांगला काळ्या कार्बनचा मास्क लावावा आणि आसपास ज्योत नसल्याची खात्री करावी. शेवटचा हात अनुभवी माणसाकडे सोपवण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

पोकळ्या आणि पुढचे पावसाळे

रंग पक्का वाळल्यावर, बहुतेक लोक जिथे काम संपले असे समजतात, तिथे निम्मे रक्षण अजून बाकी असते. चासीच्या पेट्या, सिल, दारे, बोनेटच्या कडा आणि डिकीच्या कोपऱ्यांत लांब नळीच्या फवाऱ्याने कॅव्हिटी वॅक्स सोडावे. ते थोडे पातळ असताना जोडांत झिरपते आणि मग मेणासारखे बसते. फवारणीनंतर प्रत्येक निचऱ्याचे भोक तारेने मोकळे करावे, नाही तर आपणच ते बुजवलेले असते. आता पुन्हा झारी घेऊन पाहणीच्या दिवशीची तीच चाचणी करावी आणि त्या वेळी खडूने आखलेल्या जागा कोरड्या राहतात, हे पाहावे. काचेचे नवे रबर बसवतानाच त्याच्या खोबणीत न वाळणारे सीलंट भरावे.

गाडी प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवू नये. खालून उठणारी ओल कव्हरच्या आत थेंब होऊन पत्र्यावरच पडते. छप्पर आणि चहूबाजूंनी वारा, हे उत्तम. कव्हर हवेच असेल तर जाड सुती घ्यावे. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या आसपास राहणाऱ्यांनी पाऊस जोर धरताच गाडी उंच जागी नेण्याची तयारी ठेवावी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराच्या अनेक भागांत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या आणि तसे घडले तर वर लिहिलेले सारे पुन्हा गाळ काढण्यापासून सुरू करावे लागते.

पहिला पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, गाडी घोड्यांवर घेऊन खालून टॉर्चने पाहावी, निचऱ्याच्या भोकांत तार फिरवावी, वॅक्स निघाले असेल तिथे पुन्हा लावावे आणि ट्रनियनला तेल द्यावे. आमच्या गाडीच्या डाव्या दाराच्या तळाशी पहिल्याच वर्षी तांबूस ठिपका दिसला. दार उघडून पाहिले तेव्हा काचेच्या पट्टीचे रबर एका टोकाला सुटलेले होते. रबर बसवले, ठिपका घासून प्रायमर लावला आणि त्या दारातून पाणी आता पुन्हा खालच्या भोकांनीच बाहेर पडते.